आरमध्ये छापील आउटपुट मेमरीत कसं पकडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम दोन टोकांचं आहे. सकाळी पदव्युत्तर डॉक्टरांच्या शोधप्रबंधांची संख्याशास्त्रीय आकडेमोड, आणि संध्याकाळी एका कांदा व्यापाऱ्याला लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, येवला, उमराणे इथले दिवसाचे भाव एका मेसेजात बसवून पाठवणं. दोन्ही कामं आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत चालतात आणि दोन्हीकडे एकच अडचण येते. पडद्यावर जो तक्ता सुबक दिसतो, तो तसाच्या तसा हातात हवा असतो. फाइल करायची नसते, कॉपी-पेस्टही नको असतं. नाशिकमध्ये ओळखीचे विद्यार्थी आणि नोकरदार मला याबद्दल जे विचारतात, ते एकदा लिहून ठेवलं.

फंक्शनची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ इंग्रजी स्पेलिंग वापरा. ‘कॅप्चर.आउटपुट’ मधला टिंब हा नावाचाच भाग आहे, तो गाळू नका.

मेमरीत पकडायचं म्हणजे नक्की काय करायचं?

आरमध्ये एखादं फंक्शन दोनपैकी एक गोष्ट करतं, कधी दोन्ही करतं: पडद्यावर काहीतरी छापतं, किंवा काहीतरी परत देतं. परत दिलेली वस्तू चलात ठेवता येते. छापलेला मजकूर मात्र पडद्यावर गेला की गेला. तो मजकूर पडद्याकडे जाताना वाटेतच अडवून अक्षरांच्या व्हेक्टरमध्ये, म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांच्या यादीत, साठवणं, म्हणजे मेमरीत पकडणं. साठलेल्या व्हेक्टरचा एकेक घटक म्हणजे छापलेली एकेक ओळ.

या पानावरचे निम्मे प्रश्न छापणं आणि परत देणं यांत गल्लत झाल्यामुळे आलेले आहेत. म्हणून काहीही पकडण्याआधी बघा: हे फंक्शन छापतंय की परत देतंय?

मी ‘मजकूर <- प्रिंट(भाव)’ असं लिहिलं. मजकूर मध्ये तक्ताच आला, अक्षरं नाहीत. का?

कारण प्रिंट() छापतं आणि जे दिलं तेच गुपचूप परत देतं. तुमच्या ‘मजकूर’ मध्ये मूळ डेटा फ्रेमच, म्हणजे आरमधला तक्ताच, आहे. कॅट() आणखी रिकाम्या हाताचं: ते छापतं आणि नल, म्हणजे काहीच नाही, परत देतं. एसटीआर() चंही तेच, म्हणून एखाद्या डेटा फ्रेमची रचना अहवालात घालायची असेल तर एसटीआर() पकडण्यावाचून गत्यंतर नाही.

मग पकडायचं कसं?

ओळी <- कॅप्चर.आउटपुट(प्रिंट(भाव, रो.नेम्स = फॉल्स))

इतकंच. कॅप्चर.आउटपुट() हे आरसोबत येणाऱ्या यूटिल्स पॅकेजमध्ये आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. परत येतं ते अक्षरांचं व्हेक्टर. लासलगावसह पाच बाजारांचा तक्ता असेल तर सहा घटक: मथळ्याची एक ओळ आणि पाच बाजार. एकच सलग मजकूर हवा असेल तर पेस्ट() ला ‘कोलॅप्स’ मध्ये नव्या ओळीचं चिन्ह द्या. तो मजकूर पुन्हा पाहायचा असेल तर प्रिंट() नको, कॅट() किंवा राइटलाइन्स() वापरा. नाहीतर नव्या ओळीच्या जागी तिरपी रेघ आणि एन दिसतील आणि तुम्ही म्हणाल की बिघडलं. बिघडलेलं नसतं. प्रिंट() फक्त चिन्हं उघडी करून दाखवतं.

मध्येच चूक होऊन आर थांबलं तरी कॅप्चर.आउटपुट() बाहेर पडताना वळवलेला प्रवाह स्वतःच पूर्ववत करतं. खाली सिंक() बद्दल वाचाल तेव्हा ही केवढी सोय आहे ते कळेल.

पकडलं, पण हातात रिकामं व्हेक्टर आलं. ‘कॅरेक्टर(०)’.

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारणं ठराविक आहेत.

एक, आत असाइनमेंट केलंत. ‘कॅप्चर.आउटपुट(निकाल <- समरी(मॉडेल))’ मध्ये छापलं काहीच जात नाही, कारण बाण वापरून केलेलं असाइनमेंट मूक असतं. निकाल नावाचं चल मात्र तयार होतं. बाणाऐवजी बरोबरचं चिन्ह टाकलंत तर तेही होत नाही, कारण आरला ते फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटचं नाव वाटतं.

दोन, आत फॉर लूप आहे. कन्सोलवर नुसतं ‘भाव’ लिहिलं की तक्ता छापला जातो, कारण सर्वात वरच्या पातळीवर आर आपण होऊन प्रिंट() लावतो. लूपच्या किंवा फंक्शनच्या पोटात तो ही सेवा देत नाही. तिथे प्रिंट() स्वतः लिहायचं.

तीन, जे पकडायचंय ते मुळात साध्या आउटपुटच्या वाटेने जातच नाही. मेसेज() दुसऱ्या वाटेने जातं, त्याचं उत्तर खाली वेगळं आहे. सिस्टम() ने चालवलेली बाहेरची आज्ञा तर आरला वळसा घालून थेट छापते, तिथे ‘इंटर्न = ट्रू’ द्यावं लागतं.

आवक १,००,००० असताना मेसेजात ‘१ई+०५’ का आलं?

हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे. कित्येक महिने विनातक्रार चाललेला मेसेज एका संध्याकाळी गेला, त्यात एकूण आवक होती ‘१ई+०५ क्विंटल’. पाच मिनिटांत व्यापाऱ्यांचा फोन: “मॅडम, हा ई कोणता माल आलाय नवीन?”

झालं असं की सगळ्या बाजारांची हजारात पूर्णांकित केलेली बेरीज त्या दिवशी बरोबर एक लाख भरली. आर संख्या छापताना दोन्ही रूपांची लांबी मोजतो. साधं रूप सहा अक्षरांचं, वैज्ञानिक रूप पाच अक्षरांचं. पाच कमी, म्हणून तेच निवडलं. १,२३,४५६ ला हा प्रश्न येत नाही, कारण तिथे वैज्ञानिक रूप लांब होतं. म्हणजे गोल लाख, दहा लाख, कोटी असे आपल्याकडे बोलण्यात सर्रास येणारे आकडेच नेमके या सापळ्यात अडकतात.

आणखी एक गोम आहे. तोच एक लाख एखाद्या स्तंभात १,२३,४५६ च्या शेजारी असला तर नीट छापला जातो, कारण प्रिंट() पूर्ण स्तंभाला एकच रूप देतो. पेस्ट() मात्र प्रत्येक आकड्याचा सुटा विचार करतं. त्यामुळे तक्ता बरोबर आणि त्याखालचं वाक्य चूक, असं एकाच मेसेजात होऊ शकतं. माझं तसंच झालं होतं.

उपाय: फॉरमॅट() मध्ये ‘सायंटिफिक = फॉल्स’ द्या. नुसतं ‘बिग.मार्क’ देऊन भागत नाही. एकट्या एक लाखाला बिग.मार्क लावला तरी ‘१ई+०५’ च येतं. पूर्णांकच असतील तर स्प्रिंटएफ() मध्ये ‘डी’ चा साचा वापरा. संपूर्ण स्क्रिप्टला एकदाच लावायचं तर ऑप्शन्स() मध्ये ‘सायपेन’ मोठा करा, मी ९९९ ठेवते.

लाख-कोटीचे स्वल्पविराम कसे घालायचे?

बिग.मार्क दर तीन अंकांनी स्वल्पविराम घालतो. ‘बिग.इंटरव्हल’ ने ते तीन बदलून दोन करता येतात, पण मग सरसकट दोन होतात. आपली पद्धत मिश्र आहे: उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन. त्यामुळे स्वतःचं छोटं फंक्शन लिहावं लागतं.

युक्ती अशी. स्वल्पविराम त्या जागी घालायचा, जिच्या डावीकडे किमान एक अंक आहे आणि उजवीकडे ३, ५, ७ अशा विषम संख्येने अंक उरतात. १२,३४,५६७ तपासून बघा: पहिल्या स्वल्पविरामानंतर पाच अंक, दुसऱ्यानंतर तीन. ही अट रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्राच्या) पुढे-मागे डोकावणाऱ्या खुणांनी एका ओळीत लिहिता येते. जीसब() ला ‘पर्ल = ट्रू’ द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर मागे डोकावणारी खूण त्याला समजत नाही. दशांश भाग आधी बाजूला काढून ठेवा आणि शेवटी जोडा.

माझ्या पडद्यावर तक्ता सरळ दिसतो. तीच स्क्रिप्ट संध्याकाळी आपोआप चालली की शेवटचे दोन स्तंभ खाली वेगळे येतात.

रुंदी. आरच्या ऑप्शन्स() मधली ‘विड्थ’ मुळात ८० अक्षरांची असते. आरस्टुडिओ ती तुमच्या कन्सोलच्या रुंदीप्रमाणे बदलत राहतो, म्हणून मोठ्या मॉनिटरवर सगळं एका ओळीत मावतं. टास्क शेड्यूलरमधून आरस्क्रिप्ट चाललं की पुन्हा ८०. तक्ता त्यापेक्षा रुंद असेल तर आर उरलेले स्तंभ खाली दुसऱ्या खेपेला छापतो, आणि पकडलेल्या ओळींची संख्या जवळपास दुप्पट होते.

पकडण्याआधी विड्थ स्वतः ठरवा. कमाल १०,००० चालते. जुनी किंमत जपून ठेवून काम झाल्यावर परत लावा, त्यासाठी फंक्शनच्या आत ऑन.एक्झिट() सोयीचं. याच रांगेतले आणखी दोन ऑप्शन: ‘डिजिट्स’, ज्यामुळे मुळात ७ सार्थ अंक छापले जातात, आणि ‘मॅक्स.प्रिंट’, ज्याची मुळातली मर्यादा ९९,९९९ नोंदींची आहे. त्यापुढे आर ‘इतक्या ओळी गाळल्या’ असं छापून थांबतो, आणि तुम्ही पकडलेल्या मजकुरात तेही वाक्य येतं.

तक्त्यात २५ बाजार आहेत, पकडलेल्या मजकुरात १० च आले.

तुमचा तक्ता टिबल आहे, म्हणजे डेटा फ्रेमचाच एक सुधारित प्रकार, साधी डेटा फ्रेम नाही. २० पेक्षा जास्त ओळींचं टिबल पहिल्या १० ओळी छापून पुढे ‘आणखी १५ ओळी’ अशी टीप टाकतं. उरलेले बाजार त्यातच गेले. प्रिंट() ला ‘एन = इन्फ’ आणि ‘विड्थ = इन्फ’ द्या, किंवा आधी अ‍ॅज.डेटा.फ्रेम() करून घ्या. मी दुसरं करते. टिबल दशांशही स्वतःच्या मर्जीने आखडतं, अहवालात ते नको असतं.

स्प्रिंटएफ() ने काम होत असेल तर पकडायची गरज काय?

काही गरज नाही! स्प्रिंटएफ(), फॉरमॅट(), फॉरमॅटसी(), पेस्ट() ही सगळी फंक्शन छापत नाहीत, परत देतात. त्यांचं आउटपुट जन्मतःच मेमरीत असतं. त्यांना कॅट() मध्ये घालून मग कॅप्चर.आउटपुट() मध्ये गुंडाळणारा कोड मी बराच पाहिला आहे. म्हणजे हातातली पिशवी दारातून बाहेर ठेवायची आणि खिडकीतून आत ओढायची.

शिवाय स्प्रिंटएफ() व्हेक्टरवर चालतं. बाजाराचं नाव, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव असे चार स्तंभ दिले की सगळ्या बाजारांच्या ओळी एका फटक्यात तयार, लूप नको. आकड्याची जागा सहा अक्षरांची, दशांश शून्य, नाव डावीकडे चिकटलेलं, हे सगळं साच्यात सांगता येतं. मेसेजसाठी मी आता हेच वापरते.

एक सावधानता. अर्ध्यावरचा आकडा पूर्णांकित करताना स्प्रिंटएफ() आणि राउंड() दोन्ही २.५ चे २ करतात, ३ नाही, कारण अगदी मध्यावरचा आकडा सम बाजूला नेण्याचा नियम आहे. शाळेत आपल्याला ३ शिकवलेलं असतं. भावात पन्नास पैशांनी कुणाचं घर बुडत नाही, पण मार्कांच्या यादीत यावरून भांडणं झालेली मला माहीत आहेत.

मग कॅप्चर.आउटपुट() केव्हा?

ज्याचं मांडलेलं रूप फक्त छापण्यातच अस्तित्वात आहे, तेव्हा. रिग्रेशनची समरी, एसटीआर(), डीपुट(), एखाद्या पॅकेजची खास प्रिंट पद्धत. शोधप्रबंधाच्या परिशिष्टात ‘सॉफ्टवेअरचं मूळ आउटपुट जोडा’ असं मार्गदर्शक सांगतात, तिथे हेच लागतं.

पकडलेल्या समरीतून पी-व्हॅल्यू कशी वेगळी काढू? मी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितोय, पण दर मॉडेलला बिघडतं.

बिघडू दे. कृपया हे करू नका.

छापलेला मजकूर माणसाने वाचण्यासाठी असतो. छापताना आर आकडे गोल करतो, तारे लावतो, आणि फारच लहान पी-व्हॅल्यू असेल तर आकडाच न देता ‘<२ई-१६’ एवढंच लिहितो. त्या मजकुरातून तुम्ही कितीही कसबाने अंक खरवडून काढलेत, तरी छापताना गळून पडलेले अंक परत येत नाहीत. चलाचं नाव लांब झालं की स्तंभ सरकतात आणि काल चाललेलं एक्स्प्रेशन आज चुकीचा आकडा उचलतं. तेही निमूटपणे, कुठलीही तक्रार न करता. थांबलेली स्क्रिप्ट परवडली, पण चुकीचा आकडा घेऊन पुढे धावणारी नको.

समरी() जे परत देते त्यात सगळे आकडे पूर्ण अचूकतेने असतात. कोएफ(समरी(मॉडेल)) केलंत की मॅट्रिक्स मिळतं: अंदाज, प्रमाण त्रुटी, टी, पी. आर-स्क्वेअर्ड त्याच वस्तूत नावाने आहे. काय काय आहे ते नेम्स() लावून बघा. ब्रूम पॅकेजचं टायडी() हेच डेटा फ्रेम म्हणून देतं, बरीच मॉडेल असतील तर ते बरं. आकडा आकडाच ठेवा, आणि अगदी शेवटी, कागदावर उतरवताना, एकदाच त्याची अक्षरं करा. पी-व्हॅल्यूसाठी फॉरमॅट.पीव्हॅल() आहे. त्याला ०.००१ ची सीमा दिली की ‘<०.००१’ असं, वैद्यकीय प्रबंधात रूढ आहे तसं, लिहून देतं.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या स्क्रिप्टमध्ये ही एक चूक सगळ्यांत जास्त वेळा दिसली. करणारी माणसं हुशार असतात. बहुधा समोर पडद्यावर आकडा दिसत असतो, म्हणून तो तिथेच आहे असं वाटतं.

सिंक() वापरलं आणि आता आर काहीच दाखवत नाही. मेला का?

जिवंत आहे, फक्त बोलणं दुसरीकडे वळवलंय. सिंक() ला फाइल किंवा कनेक्शन (फाइलसारखी, आर जिथे लिहू-वाचू शकतो अशी वाट) दिलं की त्यापुढचं सगळं आउटपुट तिकडे जातं, आणि रिकामं सिंक() लिहीपर्यंत जातच राहतं. मध्ये चूक होऊन स्क्रिप्ट थांबली तर ते रिकामं सिंक() चालतच नाही. दोनदा वळवलं असेल तर दोनदा बंद करावं लागतं. सिंक.नंबर() किती थर आहेत ते सांगतं, पण त्याचं उत्तरही वळवलेल्या वाटेनेच जातं, म्हणून थेट सिंक() लिहीत राहा. ‘काढायला सिंक उरलं नाही’ अशी सूचना आली की मोकळे झालात.

पंचवटीतल्या भर गर्दीत वाहतूक वळवायची आणि बॅरिकेड काढायला कुणाला सांगायचंच नाही, तसा हा प्रकार आहे. वापरायचंच असेल तर फंक्शनच्या आत वापरा आणि सिंक() च्या पुढच्याच ओळीवर ऑन.एक्झिट() लिहा.

टेक्स्टकनेक्शन() कशासाठी?

ते म्हणजे मेमरीतली खोटी फाइल. टेक्स्टकनेक्शन() ला चलाचं नाव अवतरणात आणि मोड ‘डब्ल्यू’ दिला की त्यात जे लिहाल ते त्या नावाच्या व्हेक्टरमध्ये ओळीओळीने जमतं. एखादं फंक्शन ‘फाइल दे, त्यात लिहितो’ असंच म्हणत असेल आणि कनेक्शनही चालवून घेत असेल, तर हे कामाला येतं. कॅप्चर.आउटपुट() आतून सिंक() आणि टेक्स्टकनेक्शन() च वापरतं.

तीन गोष्टी लक्षात असू द्या. शेवटची ओळ नव्या ओळीच्या चिन्हाने संपली नसेल तर कनेक्शन बंद करेपर्यंत ती व्हेक्टरमध्ये दिसत नाही. पाहुण्यासारखी उंबऱ्यावरच थांबते. फंक्शनच्या आत वापरताना ‘लोकल = ट्रू’ द्या, नाहीतर ते चल ग्लोबल जागेत तयार होतं. आणि क्लोज() विसरू नका. आरमध्ये मुळात १२८ कनेक्शनची मर्यादा आहे, त्यातली तीन आर स्वतः वापरतो. लूपमध्ये न मिटवलेली कनेक्शन साठत गेली की ‘सगळी कनेक्शन वापरात आहेत’ म्हणून गाडी थांबते.

आउटपुट प्रचंड असेल तर?

टेक्स्टकनेक्शन() दर ओळीला व्हेक्टर अद्ययावत करतं, त्यामुळे लाखो ओळींना ते महाग पडतं. आरच्या स्वतःच्या मदतपानातही अशा वेळी नाव नसलेली फाइल() वापरा असंच सुचवलंय. ती तात्पुरती असते आणि बंद केली की नाहीशी होते. बायनरी माल असेल तर रॉकनेक्शन(). आणि लाखो ओळींचा छापील मजकूर कुणी वाचणार आहे का, हेही एकदा स्वतःला विचारा.

मेसेज आणि वॉर्निंग पकडता येतात का?

येतात, पण हत्यार वेगळं. कॅप्चर.आउटपुट() ला ‘टाइप = मेसेज’ देता येतं, मात्र ते जपून वापरा असं मदतपानच सांगतं, कारण मग चुकीच्या सूचनाही तुम्हाला दिसत नाहीत. वॉर्निंगचं तर त्याहून अवघड: त्या बहुतेकदा लगेच छापल्याच जात नाहीत, काम संपल्यावर एकत्र येतात, तोवर तुमचं पकडणं आटोपलेलं असतं. विथकॉलिंगहँडलर्स() वापरा. त्यात वॉर्निंग घडता क्षणी हातात येते, कंडिशनमेसेज() ने तिचा मजकूर काढून यादीत ठेवा आणि काम पुढे चालू द्या. ट्रायकॅच() ने पकडलंत तर काम तिथेच सुटतं, हा दोघांतला फरक. आउटपुट, मेसेज, वॉर्निंग, आलेख सगळं घडलं त्या क्रमाने हवं असेल तर इव्हॅल्युएट पॅकेज आहे. आरमधून अहवाल तयार करणाऱ्या निटआर पॅकेजच्या पोटात तेच काम करतं.

मराठी नावं असली की स्तंभ वाकडे का होतात?

कारण मोजणी आणि दिसणं जुळत नाही. ‘कांदा’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात. संगणकासाठी ती पाच चिन्हं: क, काना, अनुस्वार, द, काना. ‘द्राक्ष’ मध्ये तर सात. स्प्रिंटएफ() रुंदी चिन्हांनी मोजतं, म्हणून ‘द्राक्ष’ च्या पुढे रिकाम्या जागा कमी पडतात आणि पुढचे आकडे डावीकडे सरकतात. फॉरमॅट() दिसण्याची रुंदी धरायचा प्रयत्न करतं, पण जोडाक्षरं फॉन्टवर अवलंबून असल्याने तिथेही हमी नाही.

मी शेवटी यावर घरगुती तोडगा काढला: मराठी नावाचा स्तंभ सर्वात शेवटी ठेवायचा. आधी उजवीकडे चिकटलेले आकडे, मग नाव. नावानंतर काहीच नसल्यामुळे सरकायला काही उरत नाही. व्यापाऱ्यांना पहिले दोन दिवस विचित्र वाटलं, आता त्यांना तसंच हवं असतं, कारण डोळा आधी भावावर जातो. कागदावर किंवा वेबपानावर न्यायचं असेल तर रिकाम्या जागांचा नादच सोडा आणि निटआरचं केबल() वापरून एचटीएमएल तक्ता करा. तेही मजकूर परतच देतं.

आकडे देवनागरीत हवेत.

फॉरमॅट() ने आकड्यांची अक्षरं करून झाल्यावर सीएचएआरटीआर() ला शून्य ते नऊ इंग्रजी अंक आणि त्याच क्रमाने देवनागरी अंक द्या. एका ओळीचं काम. फक्त सगळ्यांत शेवटी करा, एकदा अंक देवनागरी झाले की आरसाठी ती नुसती अक्षरं.

पकडलेल्या मजकुरात मराठीऐवजी कोनी कंसात यू आणि आकडे दिसतात.

विंडोजवरचं जुनं आर आहे. विंडोजवर यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून आर ४.२.० पासून, म्हणजे २०२२ पासून आलं, आणि त्यासाठी विंडोज १० ची अलीकडची आवृत्ती लागते. त्याआधीच्या आरमध्ये छापताना देवनागरी चिन्हांची अशी सांकेतिक रूपं व्हायची, आणि पकडल्यावर तीच हातात यायची. नवीन आवृत्ती बसवा. एन्कोडिंगच्या इतर खटपटींत मी पूर्वी पूर्ण रविवार घालवलेत.

सीएसव्ही फाइल न करता सीएसव्ही मजकूर मिळेल?

राइट.सीएसव्ही() ला फाइलचं नाव दिलं नाही तर ते पडद्यावर छापतं, म्हणजे कॅप्चर.आउटपुट() लागू. रीडआर पॅकेजचं फॉरमॅट_सीएसव्ही() थेट एकच मजकूर परत देतं. उलट दिशेने, मजकुरातून तक्ता करायला रीड.सीएसव्ही() मध्ये ‘टेक्स्ट’ हे आर्ग्युमेंट आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर तक्ता विस्कटतो.

तिथला नेहमीचा फॉन्ट प्रत्येक अक्षराला सारखी जागा देत नाही. मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन उलट्या अवतरणांच्या खुणा जोडा, म्हणजे समान रुंदीचा फॉन्ट लागतो. फोनवर ओळ लवकर मोडते, म्हणून स्तंभ कमी ठेवा. मी आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण आणि बाजार एवढेच ठेवते. लाल आणि उन्हाळ कांदा एकाच वेळी बाजारात असतात त्या आठवड्यांत दोन स्वतंत्र तक्ते पाठवते.

आमच्या ऑफिसात पायथन आहे. तिथे?

विचार तोच, नावं वेगळी. आयओ मॉड्यूलमधलं स्ट्रिंगआयओ म्हणजे मेमरीतली खोटी फाइल, आणि कॉन्टेक्स्टलिब मधलं रिडायरेक्ट_एसटीडीआउट छापणं तिकडे वळवतं, शिवाय विथ ब्लॉक संपला की आपोआप पूर्ववत करतं. पांडाज असेल तर तेवढीही गरज नाही: टू_स्ट्रिंग() मजकूर परत देतं, आणि टू_सीएसव्ही() ला फाइल दिली नाही तर तेही. एसएएस वापरणाऱ्यांना ओडीएस आउटपुट ठाऊक असेलच. छापील तक्ता तिथे थेट डेटासेट होऊन मिळतो, मजकूर खरवडायची वेळच येत नाही.

हे आर आलं कुठून?

अभ्यासक्रमात विचारतात म्हणून थोडक्यात. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी एस भाषा सुरू केली. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तिच्या धर्तीवर आर लिहिली. १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची, म्हणजे वाढदिवस चार वर्षांनी एकदा.

माझा प्रश्न यात नाही. तुम्हाला कसा पाठवू?

पडद्याचा फोनने काढलेला तिरपा फोटो नको. त्यातून मला तुमचा डेटा परत टाइप करावा लागतो. डीपुट(हेड(तक्ता)) चालवा. जे छापलं जाईल ती तुमच्या तक्त्याची आरला कळणारी लेखी प्रत असते, मी ती चिकटवली की तुमचा तक्ता माझ्याकडे उभा राहतो. रुग्णांची नावं, फोन नंबर आधी काढून टाका. सोबत तुमच्या कोडच्या त्या चार ओळी आणि आलेली चूक अक्षरशः. आणि डीपुट() छापतं, परत काही कामाचं देत नाही, तेव्हा ते मेमरीत कसं पकडायचं हे आता तुम्हाला विचारायला नको.